चहासोबत घेतलेलं विटामिन

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या ब्राह्मणपाऱ्यात दोन गोष्टींचं पेव फुटलं. एक, मंत्रालयात चिकटलेली मुलं. दुसरी, रक्ताच्या तपासण्या. त्यातलाच एक मुलगा मला बघायला यायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात बाबांच्या रक्तात चरबी जास्त निघाली.

समता कॉलनीतले डॉक्टर आपल्याच अमरावतीकडचे. चरबी उतरवायला त्यांनी नियासिनच्या गोळ्या दिल्या. "हे एक विटामिनच आहे काका, पण जेवणावर एकच घ्यायची. कढत चहासोबत तर बिलकूल नाही, अंग लाल होते." बाबांच्या डोक्यात त्यातला 'विटामिन' एवढाच शब्द शिरला. आईनं घरात फतवा काढला, "पाहुण्यांसमोर गोळ्यांचं नाव काढाल तर पहा! खानदानी बिमारी आहे म्हणतील, अन् पोट्टी घरातच राहील." मला तो मुलगा नुसत्या फोटोवरच भारी आवडला होता. मीही तोंडाला कुलूप लावलं.

पाहुणे दुपारी येणार होते. त्या गडबडीत बाबा जेवणावरची गोळी विसरले, आणि त्यांना ती आठवली दारात रिक्षा थांबल्यावर. विटामिनच तर आहे, म्हणून त्यांनी दोन तोंडात टाकल्या आणि वर कढत चहा ओतला.

मी पोहे घेऊन बाहेर आले तोवर बाबांचे कान लालभडक झाले होते. मग मान, मग टक्कल. वर दोन्ही हातांनी खाजवणं चाललेलं. सकाळपासून मी केलेला नट्टापट्टा पाण्यात गेला, माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"भाऊ, तब्येत बरी नाही का? काही बिमारी आहे का तुम्हाले?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

आईचा जीव टांगणीला लागला. माझाही. आणि बाबा, ज्यांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, ते छाती काढून म्हणाले, "बिमारी कायची हो? दुपारी थोडी दारू झाली."

मुलाची आई पदर सावरत उठलीच होती. पण तिच्या नवऱ्याचा चेहरा खुलला. बिचाऱ्याला प्यायला सोबत नव्हती. "मग लाजता काहून? आपण संगं बसू ना!" म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं.

पुढे दर सणाला सासरे बाटली घेऊन बाबांकडे हजर. बाबा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून ग्लास संपवायचे. नाही म्हणावं तर पहिलं खोटं उघडं पडणार. मला हसू यायचं आणि बाबांची कीवही यायची.

लग्नानंतरच्या दिवाळीला मी माहेरी आले, तेव्हा बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. चरबी आणखी वाढली होती. डॉक्टर वैतागले.

"मी इकडून विटामिन देऊन राहिलो, अन् चरबी वाढूनच राहिली! काका, खरं सांगा, दारू घेता का?"

बाबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"घेतो."

"कधीपासून?"

"पोट्टीचं जमलं तवापासून."