ताईंनी गाळलेली ओळ

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ऑपरेटरांना जन्मापासून दिसत नाही. उभी नोकरी त्यांनी हॉस्पिटलच्या टेलिफोनवर काढली. नुसत्या 'हॅलो'वरून ते ओळखत, की बोलणारा घाबरलेला बाप आहे की औषधं विकणारा. पुढे तिथे 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं यंत्र आलं आणि ऑपरेटर घरी बसले. नाव तेवढं त्यांच्याकडे राहिलं.

घरात थोरली बहीण. ताई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या आहेत. भावाला लहानपणापासून त्याच वाचून दाखवत आल्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, खोड एकच. गाळून वाचायच्या. वर्तमानपत्रातले अपघात, कादंबरीतली भांडणं आणि ज्यांचा त्यांना कंटाळा येई ती वर्णनं भावापर्यंत पोहोचतच नसत.

"ताई, काय गाळलंस?"

"कुठे काय?"

"मध्येच श्वास घेतलास."

"मग काय, मरू की काय श्वास न घेता?"

म्हणून बोलणारा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा ऑपरेटर हरखून गेले. तो पडद्यावरचं सगळं वाची, स्वल्पविरामासकट, स्वतःचं मत न देता. ताई त्याला 'तुझा तो आज्ञाधारक' म्हणत आणि तो बोलायला लागला, की भांडी जरा जोरात ठेवत.

गेल्या महिन्यात ऑपरेटरांना एक काम मिळण्याची आशा लागली. बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेला तपासनीस हवा होता. एका कानाने वाचणाऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं, दुसऱ्या कानाने कॉम्प्युटरकडून मूळ मजकूर ऐकायचा आणि कुठे शब्द सुटला ते टिपायचं. हे काम आपल्याचसाठी जन्माला आलंय, अशी त्यांची खात्री होती. संस्थेने चाचणी एका पेनड्राइव्हवर पाठवली. कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा आणि दुपारी बाराच्या आत उत्तरं धाडायची.

त्यासाठी कॉम्प्युटरच्या अगदी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. त्या वेळी मशीन पुरतं जागं झालेलं नसतं, त्यामुळे वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही झोपलेलाच असतो. म्हणून संस्थेने कोणतं बटण किती वेळा दाबायचं ते आवाजात सांगून ठेवलं होतं. ऑपरेटर घरातला जिना उतरावा तसे बिनधास्त ती बटणं दाबत गेले, शेवटी बदल जतन केला आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले.

कॉम्प्युटर बोलेना.

त्यांनी कान लावला. पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं, तरी शांतता. मोबाइल पडद्यासमोर धरून वाचून घ्यायचा प्रयत्न केला, तर खिडकीचा उजेड काचेवर पडून मोबाइल भलतंच बरळू लागला. संस्थेला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "एक दाबा..."

"इथेही आलं का हे!" म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ताई, चष्मा घेऊन ये!"

ताई हात पुसत आल्या. काळ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "काही नाही रे. चालू होत नाही म्हणतोय."

"तो काय म्हणतोय ते सांग. तुझं नको."

"चालू होण्यासारखी डिस्क सापडत नाही, असं लिहिलंय इंग्रजीत. झालं समाधान?"

डिस्क तर सकाळपर्यंत ठणठणीत होती. ऑपरेटरांनी पेनड्राइव्ह पुन्हा लावला, सेटिंगचं पान उघडलं आणि म्हणाले, "आता वरपासून वाच. शब्दन् शब्द."

ताईंनी तारीख वाचली, वेळ वाचली. बाण दाबत दाबत दोघं हव्या त्या पानावर आले. तिथे ताईंनी तीन ओळी वाचल्या. ऑपरेटरांनी मान वर केली.

"श्वास घेतलास."

"अरे, पहिल्या ओळीत नुसते आकडे आणि कसलं तरी नाव आहे. तुझ्या कामाचं नाही."

"ताई!"

ताईंनी एकेक अक्षर वाचलं. ते पेनड्राइव्हचं नाव होतं.

ऑपरेटर एकदम हसायलाच लागले. "अगं, कुणीतरी जिन्याला एक पायरी जास्तीची लावलीय!" सूचना सांगणाऱ्याने पेनड्राइव्ह न लावताच ओळी मोजल्या होत्या. तो लावला, की यादीच्या माथ्यावर एक ओळ वाढते आणि मोजून खाली जाणारा एक ओळ अलीकडेच थांबतो. 'कुणावरून आधी सुरू व्हायचं' ही ओळ तशीच राहिली आणि तिच्या वरची बदलली गेली.

"तिच्या वरच्या ओळीत काय आहे?"

"बूट मोड. पुढे लेगसी."

"म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत. माझी डिस्क नव्या पद्धतीची, पेनड्राइव्हही नव्या पद्धतीचा. हा दोघांनाही ओळख देत नाहीये. दुसरा पर्याय काय दिसतो?"

"यू, ई, एफ, आय."

"तोच."

तो निवडला, मग एक ओळ खाली उतरून पेनड्राइव्हला पहिला नंबर दिला. ताईंनी जतन करण्याचा प्रश्न प्रश्नचिन्हासकट वाचला आणि वर "हो म्हण," असं स्वतःचं मतही दिलं. पडदा काळा झाला. आणि खोलीत तो सपाट, बिनभावनेचा आवाज घुमला, "चाचणीत आपलं स्वागत आहे."

"बोलला गं बाई आज्ञाधारक!" ताईंनी टाळीच वाजवली.

बाराच्या आत उत्तरं गेली. संध्याकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला, तेव्हा मी तिथेच चहा घेत होते. फोन स्पीकरवर होता. सुटलेले सगळे शब्द ऑपरेटरांनी पकडले होते, शिवाय एक असा, जो संस्थेच्याही नजरेतून निसटला होता. सोमवारपासून काम सुरू. बाईंनी कौतुकाने विचारलं, "याचा अनुभव आहे का तुम्हाला?"

"लहानपणापासून," ऑपरेटर म्हणाले. "माझी ताई गाळून वाचते."

स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "अरे, हे तरी गाळायचंस!"