पोथीच्या बासनातली तिकिटे

एका सकाळी सासूबाई येणार होत्या. त्या आल्या की आमचे सगळे घर आवरून काढतात. त्यांचा हात फिरणार नाही अशी एकच जागा होती. मी देवघरातली पोथी उचलली, तिचे तांबडे बासन सोडले, त्यात माझा तिकिटांचा अल्बम बांधला आणि पोथीच्या जागी ठेवला. पोथी कपाटात सदऱ्यांखाली गेली. सासूबाईंनी हातपाय धुऊन बासनाला हळदकुंकू वाहिले, डोके टेकले. "जावयबापू रोज वाचत्यात वाटतं, बासन किती मळलंय बघ," असे त्या माझ्या पत्नीला कौतुकाने म्हणाल्या. मी शेजारी हात जोडून उभा होतो.

डॉ. दामोदर बनसोडे यांच्या एकसष्टीच्या ग्रंथासाठी मला लेख मागितला गेला, तेव्हा पहिल्यांदा ही सकाळच आठवली. ती टाळून त्यांच्याविषयी लिहायला बसलो, पण लिहिता येईना.

डॉक्टरसाहेबांची ओळख वरकुट्यात झाली. ते तेव्हा इंदापूर तालुक्यात गुरांचे डॉक्टर होते. आमची गाय अडली होती. वासरू सुखरूप बाहेर आल्यावर हात धुताना त्यांचे लक्ष पडवीतल्या तारेकडे गेले. माझे आजोबा शेंगांचा व्यापार करीत. मुंबईहून आलेली पत्रे त्यांनी त्या तारेला ओवून ठेवली होती. डॉक्टरसाहेबांनी एक पाकीट उजेडाकडे धरले.

"हे तिकीट बघा."

"भोकं पडल्यात साहेब. तारेची असतील."

"तार एकच भोक पाडती. ही अक्षरं हायेत."

जुन्या व्यापारी कंपन्या तिकिटांवर बारीक भोके पाडून आपली आद्याक्षरे उमटवीत. कारकुनांनी तिकिटे खिशात घालू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. तिकीट कुणाचे हे लपता कामा नये. पुष्कळ संग्राहक अशी तिकिटे खराब समजून टाकून देत. डॉक्टरसाहेबांनी आयुष्यभर तीच जमवली. दुसऱ्या भेटीत त्यांनी मला काळ्या कागदाचा एक ताव दिला. "ह्याच्यावर ठेवा, मग तिकीट बोलतंय," म्हणाले. मी एक सुटे तिकीट ठेवले, आणि कुठल्या तरी जुन्या कंपनीची दोन अक्षरे त्याच्यात काळी उमटली. त्या दिवसापासून मीही या नादाला लागलो.

पुढे मी बारामतीच्या एमआयडीसीतल्या दूध कारखान्यात सुपरवायझर झालो, जळोचीला राहू लागलो. रविवारी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जुन्या पेढ्या हिंडायचो. पाकिटावरून तिकीट कापून घ्यायचे नाही, मालकाला विचारल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे त्यांचे नियम होते. एका दुकानात, त्याचे नाव घेत नाही, मालक म्हणाले, "सगळंच न्या, रद्दीच हाय." त्या गठ्ठ्यात मालकांच्या वडिलांनी तरुणपणी मुंबईच्या नोकरीतून घरी पाठवलेले पत्र निघाले. तिकिटावरची अक्षरे डॉक्टरसाहेबांना आजवर कुठेच मिळाली नव्हती. त्यांनी ते पाकीट बराच वेळ पाहिले आणि मालकांच्या हातात परत दिले. "वडलांचं अक्षर हाय, घरात ठेवा."

परतीच्या वाटेवर मी हळहळत होतो. ते म्हणाले, "कंपनीचं तिकीट घरच्या पत्राला कसं लागलं, ते कळलं का?"

मला तेव्हा कळले. "मग सांगितलं का नाही त्यांना?"

"कशापायी? म्हाताऱ्याला आईला खुशाली कळवायची व्हती."

दुसऱ्याची लाज झाकताना हातचे दुर्मिळ तिकीट सोडणारा हा माणूस. माझीही लाज त्यांनी अशीच झाकली, आणि मी ती झाकू दिली.

कारखान्याच्या कँटीनमध्ये संपतराव नावाचे आमचे सहकारी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सुपरवायझर, उंदरानं कुरतडल्याली तिकिटं जमवताय म्हणं? आता उंदीर बी पाळा की!" सगळे हसले. मी घाईने म्हणालो, "माझी न्हाईत ती. डॉक्टरांची हायेत, मी नुसती सांभाळतो."

डॉक्टरसाहेब त्या दिवशी जनावरांच्या शिबिरासाठी आले होते. चहाचा ग्लास घेऊन ते माझ्या मागेच उभे होते. "व्हय, माझीच हायेत," ते म्हणाले. "उंदीर बी माझाच." मग हसणे त्यांच्याकडे वळले. त्यानंतर कुणीही विचारले तरी ते माझा अल्बम स्वतःचा म्हणून सांगत. मी एकदाही "नाही" म्हणालो नाही.

बासनाची गोष्ट मात्र मला त्यांच्यापासून लपवता आली नाही. ते घरी आले असताना सांगून टाकली. ते पोटभर हसले. मग विचारले, "आन् पोथी कुठं हाय?"

"कपाटात."

"उघडीच?"

ते शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात बुद्धाची मूर्ती हाय, मी काय पोथी वाचत न्हाय. पण तुमी मानता न्हवं? मग तिचं बासन तिला द्या. तिकिटांना झाकायला काय लागत न्हाय."

पोथीला बासन मी त्याच दिवशी दिले. पण अल्बम सदऱ्यांखाली गेला.

आता सत्कारानिमित्त इंदापुरात त्यांच्या संग्रहाचे प्रदर्शन भरत आहे. माझी पाने त्यात हवी होती. "माझ्याच नावावर लावा, त्यांना अवघडल्यागत हुतं," असे त्यांनी समितीला आपणहून सांगितल्याचे कळले, तेव्हा मला जेवण गोड लागेना.

मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजी मी टपालाला हळदकुंकू वाहिलं? आता दावा तरी काय हाय ते." मी काळ्या कागदावर एक तिकीट ठेवून त्यांच्यापुढे धरले. संपतरावांनाही मी स्वतः आमंत्रण देऊन आलो आहे.

डॉक्टरसाहेबांची नजर अशीच बारीक राहो, त्यांच्या गुडघ्यांना मोटारसायकलची किक मारण्याचे बळ राहो, आणि आणखी पुष्कळ वर्षे मागच्या सीटवर मला जागा मिळो, एवढेच मी रोज पोथी वाचून झाल्यावर मागतो.

काल मी माझी पाने सभागृहात नेऊन दिली. प्रत्येक पानाखाली माझ्या हाताने लिहिले आहे: संग्राहक, ज्ञानदेव गावडे, वरकुटे.