गणितापुढे मी ‘होय’ लिहिलं

आमच्या कंपनीत मला ‘रिजेक्टवाली बेन’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मी काही बहिरी नाही. गुजराती मुलखाला लागून असलेल्या सायली गावातल्या ज्या कारखान्यात मी तेरा वर्षं कामाला आहे तिथं धागा तयार होतो, आणि तो चांगला की वाईट हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक लॉटमधल्या काही बॉबिन उचलायच्या, त्यांच्या धाग्याचा लहानशा मशीनवर मोज्यासारखा तुकडा विणायचा, तो रंगात बुडवायचा आणि वाळला की ट्यूबलाइटखाली ताणून बघायचा. एरवी सगळा धागा पांढराशुभ्र, एकसारखा दिसतो. रंगवला की पट्टे उठतात. पट्टा दिसला की मी लॉट थांबवते, मग मशीनवाला बिहारचा असो, ओडिशाचा असो नाहीतर आमच्याच धुळ्याकडचा. एकदा आमच्या ह्यांच्याच शिफ्टचा लॉट थांबवला होता. दोन दिवस घरात अबोला होता, पण लॉट मी सोडला नाही.

फुशारकी मारायची म्हणून हे सांगत नाही. पुढे मी जे केलं ते कुणी अडाणी, भित्र्या बाईनं केलं असं वाटू नये, म्हणून सांगते.

मला एकच मुलगी. चाळीपासून दहा मिनिटांवर सरकारी शाळा आहे, सहावी ते आठवी. एका अंगाला गुजराती वर्ग, दुसऱ्या अंगाला मराठी. मराठीत सगळी आमच्यासारख्यांची मुलं, धुळे, नंदुरबार, जळगावकडून कारखान्यांत आलेल्यांची, आणि काही आसपासच्या पाड्यांवरची. पुण्या-नाशिकच्या साहेबांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात, त्यांचा आमचा संबंध फाटकाबाहेर बसला वाट द्यायची एवढाच. मुलीच्या डोक्यात लहानपणापासूनच होतं की दहावीनंतर डिप्लोमा करायचा. आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये डिप्लोमा झालेली एक मुलगी आहे, तिला खुर्ची आहे. मी तेरा वर्षं उभी आहे. आमच्या घरातल्या सगळ्या बेतांचं मूळ त्या खुर्चीत होतं, आणि खुर्चीपर्यंत जायला गणित लागतं हे मला चांगलं ठाऊक होतं. मी स्वतः बारावीपर्यंत शिकलेली आहे.

ती सहावीत असताना दिवाळीआधी गणिताच्या सरांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मला हे माहीत होतं, पण वही बघितली की जीव शांत व्हायचा. पानापानावर स्वच्छ गणितं, खाली दोन रेघा मारून उत्तर, बाजूला लाल बरोबरची खूण. वर्गात पहिली यायची. मी चाळीत सांगत सुटले होते.

सातवीत असताना एका रविवारी सहज मनात आलं, आपण दिवसभर दुसऱ्यांचा धागा तपासतो, घरचा कधी तपासला नाही. वहीत गणित होतं तीन छेद चार अधिक दोन छेद तीन. उत्तर सतरा छेद बारा, अगदी बरोबर. मी कागदावर आकडे बदलून दिले, तीन छेद पाच अधिक एक छेद दोन. तिनं पेन उचललं आणि झरझर खाली लिहिलं, सतरा छेद बारा.

मला वाटलं गंमत करते. म्हटलं, “हे कुठून आलं?”

“असंच येतं.”

“आकडे वेगळे आहेत ना बाई.”

तिनं कागद जवळ घेऊन बघितला आणि म्हणाली, “मग हे आमच्यात नाय. आमच्यात फळ्यावर जे असते ना, तेच येते परीक्षेत.”

गणिताच्या तासाला आठवीतली एक मुलगी येऊन गाईडमधून फळ्यावर उतरवायची, बाकीच्यांनी वहीत उतरवायचं, आणि संध्याकाळी कुणीतरी लाल खुणा करायचं. वर्षभर हेच चाललं होतं. मी वही पहिल्यापासून चाळली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पहिला तास व्हायच्या आत मी शाळेत होते.

मुख्याध्यापकांना मी वाट्टेल ते बोलले. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. एकाच वेळी तीन वर्ग सांभाळायचे, मधल्या वेळेत खिचडी मोजून द्यायची, उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर माहिती भरायची. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाले, “ताई, तुमचं सगळं खरंय. मला स्वतःला गणित धड येत नाय. मी भाषेचा मानूस.” त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून शिक्षक द्या म्हणून अर्ज लिहिला. अर्ज गेला. दुसरा लिहिला, तोही गेला. पुढच्या महिन्यात त्यांनी मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं. समितीत आया लागतात आणि वाचता येणाऱ्या आया कमी. माझं तोंड बंद करायला घेतलं असेल असंही मला वाटलं, पण आत शिरल्याशिवाय काही हलणार नाही म्हणून मी हो म्हटलं.

संक्रांत झाली आणि शाळांच्या तपासणीचा फॉर्म आला. चांगला जाडजूड. आधी शाळेनं भरायचा, मग समितीतल्या एका पालकानं प्रत्येक रकाना स्वतः पडताळून पुढे ‘होय’ की ‘नाही’ लिहून सही करायची, आणि शेवटी दोन साहेब येऊन बघणार. मुख्याध्यापक सरांनी फॉर्म माझ्या हातात दिला. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला जे येतं तेच काम सांगत होतं.

मी शाळा फिरले. मुलींच्या संडासाला दार होतं, कडी नव्हती. नळ तीन, पाणी एकाला. वाचनालय म्हणजे एक कपाट, त्याला कुलूप, आत नवी पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनात जशीच्या तशी. प्रयोगाच्या पेटीतल्या काचनळ्या कागदात गुंडाळलेल्या. मी पेन्सिलीनं सगळं टिपत गेले. अर्ध्याहून जास्त रकान्यांत ‘नाही’ आलं. कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले तर त्यांनी तो वाचला आणि दार लोटून घेतलं.

“ताई, हे असं वर गेलं तर शेरा खाली येईल. मुलं आधीच कमी. मराठीचे वर्ग उचलतील, सरळ गुजरातीत घालतील, नायतर हायवेपलीकडं खडोलीच्या शाळेत पाठवतील. दुसरीकडे झालंय असं.”

“होऊ द्या मग. निदान कळेल तरी वर, की इथं काय चाललंय.”

“वर कळंल. पोरी घरी बसतील, ते कोणाला कळंल?”

मी पाय आपटत घरी आले. चाळीत बातमी माझ्याआधी पोचली होती. शेजारीण दारात उभी. तिची थोरली मुलगी सातवीत, धाकटी सहावीत. मला म्हणाली, “माय, हायवेनं एवढ्या ट्रकांच्या गर्दीमधून पोर जाई का? तिना बाप पहिल्याच दिवशी घरी बसाडी देई.” आमचे हे जेवताना मान वर न करता म्हणाले, “तुले काय करनं शे? सही करी दे. आपलीच शाळा शे.” मी दोघांनाही फाडफाड बोलले. पण शेजारणीची मोठी मुलगी दारामागून ऐकत होती, तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

मी सही केली. नुसती सही नाही, रकाने मी माझ्या हातानं भरले. नळ, होय. वाचनालय, होय. संडास, होय. सगळे विषय नियमित शिकवले जातात का, या ओळीवर मी थांबले. त्याच्याखालीच गणिताची वेगळी ओळ होती, मुलांना इयत्तेप्रमाणे गणित येतं का. मी दोन्हींपुढे ‘होय’ लिहिलं. कंपनीत असा लॉट कुणी पास केला असता तर मी त्याची चामडी सोलली असती.

साहेब आले त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून शाळेत होते. दोघेही नीट बोलणारे, हसतमुख. सातवीच्या वर्गात एक साहेब म्हणाले, कुणीतरी फळ्यावर गणित करून दाखवा. सरांनी माझ्या मुलीकडे बघितलं. ती उठली, खडू घेतला आणि तीन छेद चार अधिक दोन छेद तीन मांडलं. पायऱ्या घेत, रेघा ओढत, सतरा छेद बारा. अक्षर मोत्यासारखं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, वर्गानं वाजवल्या. तिनं मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. फक्त एक आकडा बदला साहेब, एवढंच मला म्हणायचं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

शाळेला चांगला शेरा मिळाला. मराठीचे वर्ग राहिले. शेजारणीनं शिरा आणून दिला, मी खाल्लासुद्धा.

जूनमध्ये मुलगी आठवीत गेली. शिक्षक नव्हताच. मी, सर आणि दोन आया असे आम्ही तिसरा अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. टेबलामागच्या माणसानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, अर्ज वाचला, मग कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

“बेन, आपके यहाँ तो गणित चालू है. बच्चों को आता भी है. ये देखो, वाली ने, पेरेंट ने खुद लिखा है. ये सही किसकी है?”

सर खाली बघत होते. मी म्हटलं, माझी.

तो काही रागावला नाही. शिक्षक कमी आहेत, ज्यांच्याकडे ‘नाही’ आहे त्यांना आधी द्यावे लागतात, एवढंच त्यानं समजावून सांगितलं. मला त्याचं सगळं पटलं. मीही असंच केलं असतं. नंतर कळलं की अथाल गावाच्या बाजूच्या एका शाळेत गणिताच्या बाई आल्या. तिथल्या पालकांनी खरं लिहिलं होतं म्हणे, आणि त्यांचे वर्गही कुणी उचलले नाहीत.

त्यानंतर मी जे जमेल ते केलं. ट्यूशन लावली, तिथले सर गुजरातीतून सांगायचे, ही मान डोलवून उतरवून घ्यायची. मी स्वतः शिकवायला बसले. मला शिकवता येत नाही, माझा पारा चढतो. छेद समान कर, कर म्हटलं ना, असं मी ओरडायचे आणि ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, उत्तर कुठलं हवंय ते शोधत. दोनतीन आठवड्यांत आम्ही दोघींनीही ते सोडलं. शाळेत तिचा पहिला नंबर तसाच राहिला. आठवी संपली तेव्हा निरोपाला तिला कंपासपेटी मिळाली.

यंदा ती नववीत, हायस्कूलला गेली. तिथं गणिताला शिक्षक आहेत, कडक आहेत, चांगले आहेत असं सगळे म्हणतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या नव्या मुलांचा एक पेपर घेतला, पाचवी ते आठवीचं किती येतं ते बघायला. ती घरी आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले. पेपर मागितला तर निमूट दिला. पंचवीसपैकी दोन.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मम्मी, दहावी झाल्यावर तुझ्या सुपरवायझरला विचार ना, पॅकिंगमध्ये लागते का मी.”

“आणि डिप्लोमा?”

“मला नाय जमणार. सर बोलले, बेसिकच नाय. दुसऱ्या शाळेतल्या पोरींना येते सगळं.”

“तुला कुणी शिकवलंच नाही, तर येईल कुठून?”

“असं कसं? आपली शाळा तर चांगली होती. साहेब लोक बोलले होते ना. शेरा पण मिळाला होता.” मग मला वाईट वाटू नये अशा समजुतीच्या आवाजात म्हणाली, “शाळेचा दोष नाय मम्मी. माझंच डोकं कमी आहे.”

मग मी तिला सगळं सांगितलं. पेन्सिलीनं टिपलेले ‘नाही’, सरांनी लोटलेलं दार, गणिताच्या ओळीपुढे मी लिहिलेलं ‘होय’, ऑफिसातली स्क्रीन. एक शब्द लपवला नाही. सांगताना मला रडू आलं. ती जवळ येऊन बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“मला बरं वाटावं म्हणून असं खोटं नको बोलू,” ती म्हणाली, आणि पेपराची घडी घालून दप्तरात ठेवून दिली.