बाहुल्याच्या पोटातला माणूस

रोहायाचं डोकं सकाळीच सणकलं होतं. तिच्या बाहुल्याच्या मानेची स्प्रिंग कुणीतरी ढिली करून ठेवली होती, आणि ते कुणीतरी म्हणजे तिचा साहेब गुनार, ज्याला सगळे 'बांग' म्हणजे दादा म्हणत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ओंडेल-ओंडेल, पूर्वजांचं रूप मानलेला दीड पुरुष उंचीचा बांबूचा बाहुला, जकार्तात वरातीपुढे डुलत चालतो. तिचे वडील, बाबे निमान, जन्मभर त्याच्या आत शिरून तो खांद्यावर वाहत आले. म्हणूनच कॉम्प्युटरवरच्या खेळातला हा बाहुला तिने जीव ओतून रचला होता. डोकं धडाला घट्ट स्प्रिंगने जोडलेलं, हात सैल, डोक्यावरच्या फुलांच्या काडीकाडीला वेगळी नाजूक स्प्रिंग. कुठली किती ताणायची, तिची थरथर कधी निवायची, सगळं तिने ओळीओळीने लिहून काढलं होतं.

आज मॉलमध्ये खेळाचं प्रदर्शन; तिला हे कळलं तोवर खेळ पडद्यावर लागलाही होता. बाबे नवी टोपी घालून लेकीचं काम बघायला आले. पडद्यावर बाहुला चार पावलं चालला, मान लुळी पडली आणि तो तोंडावर आपटला. लोक खो खो हसले. पोरं बटणं दाबून त्याला लाथा घालू लागली.

"बघ, कसे खूश आहेत!" गुनार म्हणाला. "तुझा नुसता डुलायचा. मी आकडेच तर बदलले."

आकडेच म्हणे!

"मला विचारलंत? बांग, स्वतःच्या आजोबांना भर बाजारात असं पाडाल?"

"अगं, बाहुला आहे तो!"

बाबे हसले नव्हते. हा खेळ आहे हे त्यांना कळत होतं, तरी ते धडपडत पडद्यापाशी गेले. "पोरी, आतल्याला काय झालं? वाहणारा कितीही दमला तरी गुडघे टेकून बाहुला उभाच ठेवतो. असा आडवा नाही होऊ देत!"

रोहायाच्या मस्तकात तिडीक गेली. गुनारचा संताप होताच, त्याहून जास्त स्वतःचा. वाहणाऱ्याची लेक, आणि आत माणूसच घालायला विसरली! तिने कीबोर्ड ओढला. बाहुल्याच्या पोटात न दिसणारा जड ठोकळा बसवला, धड चारी बाजूंनी स्प्रिंगांनी त्याला बांधलं, मान पुन्हा ताठ केली. पोरांनी लाथ घातली. बाहुला झोकांडला, वाकला आणि सावकाश सरळ उभा राहिला.

हसणं बंद झालं.

"मजा गेली की सगळी," गुनार कुरकुरला. "काढ तो ठोकळा."

तोवर बाबे पडद्यावर वाकले होते. बाहुल्याच्या पोटाला वाहणाऱ्याला बघायला फट असते, तिथे त्यांनी आपली पाण्याची बाटली धरली. "दमलास ना रे? घे, घोटभर घे."

रोहायाने कीबोर्ड गुनारपुढे ढकलला.

"मी नाही काढणार. तुम्हीच बाहेर काढा त्याला, बाबेंच्या देखत."

गुनारने हात पुढे केला. मग तो खिशात घातला.