चक्कीवर लावलेली बॅटरी

पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तळेगावला तिच्या वडलांच्या, माझ्या मोठ्या भासऱ्यांच्या घरी होतं. नवरा कामाला मदत म्हणून आदल्या दिवशीच बसने गेला. मला सुटी एकाच दिवसाची होती. मी वर्ध्याच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. पिपरी, सावंगी, कुठे कुठे, दिवसभर बॅटरीच्या स्कूटरवर. म्हणून मी सकाळी लवकर स्कूटरनेच निघाले.

तळेगाव तिच्यासाठी लांब पडतं, हे मला माहीत होतं. पोचले तेव्हा पंचवीस टक्के उरले होते. सीटखालची बॅटरी काढली, उचलून ओसरीत नेली आणि भासऱ्यांना विचारलं, "भाऊजी, इथं लावू का? दुपारपर्यंत होऊन जाईन."

"लाव ना. इचारते काय?" ते म्हणाले.

मी लावली. चार्जरचा दिवा लागलेला पाहिला आणि स्वयंपाकघरात शिरले. दोन तास पुऱ्या लाटल्या. बाराच्या सुमारास पाणी प्यायला बाहेर आले, तर बॅटरी चपलांच्या ढिगाजवळ सरकवलेली. वायर तिच्यावरच गुंडाळून ठेवलेली. प्लगमध्ये दाराच्या रंगीत दिव्यांची माळ, भर उन्हात लुकलुकणारी. आणि तिथल्याच बोर्डावर पाहुण्यांचे चार मोबाईल.

टक्के पाहिले. एकतीस.

"हे कोणं काढलं?"

भासरे नवरदेवाकडच्या मंडळींसोबत बसले होते. तिथूनच म्हणाले, "म्याच काढलं. मोबाईलवर पाह्यत नाई का तू, बॅटऱ्या फुटून राह्यल्या! पाहुणे हायेत घरात." मग पाहुण्यांकडे वळून, "आमच्या भावसुनेची गाडी लहान लेकरासारखी हाये. जाईन तिथं दूध पाजा लागते."

सगळे हसले. त्यांच्या शेजारी माझा नवरा बसला होता. तोही हसला.

रोज संध्याकाळी हीच बॅटरी मी दोन जिने चढून वर नेते. किती तापते, कधी काढायची, हे मला त्या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं. त्यांना भीती वाटली असेल तर वाटू दे. पण बारा पावलांवर मी पुऱ्या लाटत होते. एक हाक मारली असती, तर मी तेव्हाच दुसरीकडे सोय केली असती.

बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि ते मला त्या लोकांसमोर नको होतं. बॅटरी स्कूटरमध्ये बसवली आणि निघाले. नवरीचा मामा फाटकात म्हणाला, "कुठं चालल्या? जेवणं आहेत ना." मी थांबले नाही.

रस्त्याला लागूनच एक पिठाची चक्की होती. साठीच्या एक बाई एकट्याच चालवत होत्या, केसांवर पीठ बसलेलं.

"मावशी, बॅटरी लावाले एक प्लग भेटन का? चारक तास लागतीन."

"लाव ना बाई. पण इथं नको, पीठ उडते. मांगच्या खोलीत लाव." त्यांनी स्वतः पोती सरकवून जागा करून दिली. मग माझ्या काठाच्या साडीकडे बघून विचारलं, "कोणाच्या घरी कार्यक्रम हाये?"

मी सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. स्टूल दिलं.

अर्ध्या तासाने नवरा कोणाची तरी मोटारसायकल मागून घेऊन आला.

"चाल. अंगठी घालाची वेळ झाली. पोरगी तुले इचारून राह्यली."

"तुम्ही हसले काऊन?"

"सगळे हसले म्हणून हसलो. एवढ्याशा गोष्टीचा तमाशा करतं का?"

"एवढीशीच गोष्ट होती, तर मले सांगाले काय झालं होतं?"

तो मोटारसायकलवर बसला. मग म्हणाला, "दादाले सांगतो, तुहं डोकं दुखून राह्यलं म्हणून."

"असं नका सांगू. राग आला म्हणून सांगा."

तो गेला. त्याने काय सांगितलं, मला माहीत नाही.

बॅटरी तिथेच ठेवून मला जाता आलं असतं. चालत पाच मिनिटांवर घर होतं. मी गेले नाही. पुतणीच्या बोटात अंगठी घातली तेव्हा मी चक्कीवर ज्वारीचे डबे मोजून घेत होते, कारण मावशी जेवायला आत गेल्या होत्या. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. पण पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तिथेच बसेन.

चार वाजता निघाले, उजेडात घरी पोचले. रात्री पुतणीला फोन केला आणि फक्त तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काकू, मले माहीत हाये. माळ लावाले बाबांनी मलेच सांगतलं होतं. म्या नाई म्हणाले पाह्यजे होतं."

नवरा दोन दिवसांनी परत आला. पिशवीतून बुंदीचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"राग हाये का अजून?"

"हाये," मी म्हटलं.

त्याने पिशवी खुंटीला लावली आणि पहिल्यांदाच विचारलं, "बॅटरी काढली, तवा किती टक्के होते?"