गव्हांकुरवाली अक्का

"पोटात काय ढकलतोस ते आधी सांग. दुखतंय काय ते मागनं!" दारात आलेल्या माणसाला अक्का 'बसा' म्हणायच्या आधी हे विचारायची.

मंगळवार पेठेत ती आमची शेजारीण. माहेर कुरुंदवाडकडचं, घरात निम्मं बोलणं कानडी. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. नव्वदनंतर गव्हांकुराच्या रसाचं खूळ निघालं होतं बघा, तेव्हा तिनं गच्चीवर ट्रे मांडून गहू पेरले. कोवळी पाती कापायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातनं पिळायची. त्यानं तिचे गुडघे दुखायचे थांबले, निदान तिला तसं वाटलं, आणि रोज सकाळी दारात वाट्या घेऊन रांग लागायला लागली. "गोळी म्हंजे आजाराला घातलेलं खत!" हे तिचं वाक्य तर पेठेतली पोरंसुद्धा म्हणायची.

आणि तिलाच साखर निघाली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना.

"अक्का, डॉक्टरला दाखवू या."

"कशी जाऊ गं तंगी? दवाखान्याच्या पायरीवर मला कुणी बघितलं तर? माझ्याच जिभेनं मला कोंडून घातलंय बघ."

पावसाळा गेला तरी तिचं हेच. शेवटी माहेरी जातो म्हणून सांगून आम्ही दोघी मिरजेला गेलो. तर दवाखान्याच्या बाकावर, रुमालात तोंड लपवून, आमचे गुळाचे व्यापारी बसाप्पा! अक्काच्या रसाच्या रांगेत रोज पहिला नंबर त्यांचा.

"पावण्याला घिऊन आलोय," ते चाचरत म्हणाले.

"आमचीबी ही पावणीच आजारी हाय," अक्कानं माझ्याकडं बोट केलं. तेवढ्यात नर्सनं तिच्याच नावानं हाक मारली. हसायची सोय नव्हती, मी आपली छताकडं बघत बसले.

तेव्हापासून अक्काच्या गोळ्या डाळीच्या डब्यात राहायला लागल्या. बसाप्पा मात्र रांगेत आणखीच मोठ्यानं सांगायचे, "अक्काच्या रसानं माझं बीपी पळालं!" अक्का खाली मान घालून फडकं पिळत राहायची. बोलावं तर दोघांचंही बिंग फुटणार.

एक दिवस रांगेत एक बाई लेकीला घेऊन आली. लेक कोवळी, सुकलेली. साखरेपायी रोज सुई टोचावी लागणारी. बाई म्हणाली, "सुई आजपास्नं बंद करते, अक्का. ह्या बसाप्पांचं पळालं तसं हिचंबी पळंल."

अक्काचा हात थांबला. आत गेली, डाळीचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकून वर तोच रस प्याली.

"ही माझी गोळी. रोज खाते मी. पोरीची सुई बंद केलीस तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस!"

बसाप्पांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"फसवलं की अक्का तुम्ही आमाला," मागून कुणीतरी म्हणालं. वाट्या वाजल्या, माणसं गेली. बाईनं तेवढं लेकीला जवळ ओढलं आणि 'व्हय' म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दारात एकटे बसाप्पा.

"रस द्या की अक्का."

"गोळी घेतली?"

"व्हय."

"मग बसा. आज हुबं ऱ्हायचं काम न्हाय."

मिरजेला जायला आम्ही उशीर केला होता. अंगठा काढावाच लागला. त्यानंतर पुष्कळ वर्षं, अगदी जाईपर्यंत, अक्का लंगडत गच्चीवर चढायची आणि एकच ट्रे पेरायची. पायाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "जिभेनं केलं, पायानं फेडलं."