क्रोपिकच्या वाट्याची चाल

व्हिएन्नात दर गुरुवारी चार सद्गृहस्थ एकत्र बसून तंतुवाद्यं वाजवतात आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या बायका ते सहन करतात. दातांचे डॉक्टर पिर्खनर यांच्या घरी हे व्रत वर्षानुवर्षं चाललं होतं. घर डॉक्टरांचं, कॉफी डॉक्टरांची, तेव्हा मुख्य चाल वाजवणारं पहिलं व्हायोलिनही डॉक्टरांचंच. सम्राटाचं फर्मान एखादे वेळी बदललं असतं, हा नियम नाही.

हातमोजे शिवणारा फ्लोरिआन क्रोपिक व्हायोला वाजवी. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा अंगाने भरलेला, बिनलग्नाचा थोरला भाऊ. जेवणावळीला त्याला बोलावतात ते खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून. क्रोपिकचा अर्धा जन्म दुसऱ्यांच्या चालींखाली गुणगुणण्यात गेला होता. घरी जाताना पेपी, त्याची बायको, विचारी, ‘‘फ्लोरी, आज तू त्यात नेमका कुठे होतास?’’ तो म्हणे, ‘‘मध्ये.’’

अशात ग्राट्सच्या कुणा उदास मास्तरांनी चार तंतुवाद्यांसाठी नवी चौकडी रचली आणि तिचे सुरांचे कागद डॉक्टरांनी मागवले. संगीत अगदी ताज्या पद्धतीचं होतं. निघतो निघतो म्हणत दारातच तासभर उसासे टाकणाऱ्या पाहुण्यासारखं. सूर घराकडे वळतोय असं वाटावं, तेवढ्यात तो दुसऱ्याच गल्लीत शिरे आणि तिथे रडत बसे. पण तिसऱ्या, संथ भागात मास्तरांना काय सुचलं कोण जाणे. बाकीच्यांनी नुसते लांबलांब सूर धरायचे आणि मुख्य चाल वाजवायची व्हायोलाने. अख्खी चाल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

क्रोपिकचं जेवणावरून लक्ष उडालं. कातडं कापताना तो चाल घोकी आणि दोन गिऱ्हाइकांना डाव्याच हाताचे दोन-दोन मोजे देऊन बसला. इस्टरच्या बैठकीला सगळ्यांच्या बायका त्याच खोलीत समोर बसणार होत्या. एकदाच, पेपीसमोर, आपण ‘मध्ये’ नसणार, एवढंच त्याला हवं होतं.

बैठकीला वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे थालिंगर आले आणि डॉक्टरांना एकाएकी कलेची जबाबदारी जाणवली. संथ भागाआधी ते उठले. ‘‘क्रोपिक, या चालीला जरा खोल जाणारा हात हवा. एवढ्यापुरती वाद्यं बदलू. लांब सूर धरायला तुम्हाला अवघड नाही.’’

क्रोपिकने व्हायोला दिला. डॉक्टरसाहेबांना नाही म्हणायची रीत त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

पण व्हायोलाचे सूर कागदावर वेगळ्या खुणेने लिहितात. त्याच रेघेवरचा ठिपका व्हायोलिनवाला वाचतो एक आणि असतो दुसराच. डॉक्टरांनी खाली मान घालून आयुष्यात कधी व्हायोलाचा कागद पाहिला नव्हता. त्यांनी सवयीने वाचलं आणि सवयीच्याच जागी बोटं ठेवली. प्रत्येक सूर दोन पायऱ्या वर चढून बसला. खालचे तिघे शोकात, वर डॉक्टर भलत्याच मयताला आलेले. क्रोपिकने लांब सूर धरूनच मान वर केली. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी डोळे मिटले होते.

शेवटी चाल संपली. थालिंगरांनी रुमाल काढला. ‘‘जुन्या सुरावटीचा हा अंत आहे,’’ ते डोळे टिपत म्हणाले. बायकांनीही माना हलवल्या; त्यांना तर तो अंत मघाशीच हवा होता. डॉक्टरांनी नम्रपणे सांगितलं की ही चाल वाजवायची नसते, भोगायची असते.

क्रोपिकने तोंड उघडलं, थालिंगरांचे ओले डोळे पाहिले आणि उघड्या तोंडात केकचा तुकडा टाकला.

रविवारी सकाळी पेपी स्वयंपाकघरात पिठाचे गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडत होती. तो व्हायोला घेऊन दारात उभा राहिला.

‘‘गुरुवारी जे झालं ना, ते खरं असं आहे,’’ म्हणाला आणि वाजवू लागला.

चाल अगदी साधी निघाली. दिवसभर राबलेल्या माणसाने घराचं दार उघडावं, तशी. मास्तरांचे आधीचे सगळे उसासे ही एवढी साधी चाल सांगायचा धीर होईना म्हणून होते. पेपीचे पिठाचे हात तसेच थांबले. शेवटच्या सुरानंतर तिने दंडाने डोळे पुसले.

‘‘फ्लोरी, हे मला कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे कुठेतरी चुकलं असणार. परत वाजव.’’

तो परत वाजवायला लागला. ते गोळे इतके उकळले की पाण्यात विरघळले आणि शेवटी चमच्याने खावे लागले.